देवगडाकडे तोंड करून

चैत्री पौर्णिमेला दोन दिवस होते. चंद्रपूरच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि डांबर आत्ताच मऊ पडायला लागलं होतं. मावसबहिणीकडे बॅग टाकली, गार पाण्याचे दोन तांबे डोक्यावर ओतले आणि महाकालीकडे निघालो. भाऊजी सोबत आले. कोळसा खाणीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. जमिनीखाली काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. जमिनीवरच्या गोष्टींबद्दल मात्र ते ‘म्हणतात बा’ एवढंच बोलतात.

झरपट नदी म्हणजे आता नावाचीच नदी. तरी काठावर माणूस मावत नव्हता. नांदेड, परभणी, हिंगोलीकडची आणि तेलंगणातली माणसं ट्रकमधून, टेम्पोतून आली होती. तीन विटांच्या चुली, स्वयंपाकाचा धूर, पोतराजांच्या आसुडांचा आवाज, हळदीनं पिवळी झालेली कपाळं. एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, “कोन्या गावचे हाव तुमी?” नागपूरचा म्हटल्यावर तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. नागपूर किती जवळ, आणि तरी मी पहिल्यांदाच आलो होतो. ती बावीस वर्षं न चुकता येते आहे, तीही नांदेड जिल्ह्यातून. चंद्रपूरच्या या देवीची सगळ्यात मोठी गर्दी चंद्रपूरची नसते, हे तिथं रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

मला मात्र देवीपेक्षा शिखर पाहायचं होतं. त्यालाही कारण होतं.

चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपैकी बीरशहाची मुलगी देवगडच्या दुर्गशहाला दिली होती. देवगड म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं दुसरं गोंड राज्य. जावयानं भर लोकांत बायकोचा अपमान केला. बातमी चांद्याला पोचली तेव्हा बीरशहा महाकालीपुढे नवस बोलला, जावयाचं डोकं तुझ्या पायावर आणून ठेवीन. लढाई झाली, चांद्याची फौज मागे हटायला लागली, तेव्हा राजानं देवीच्या नावाची तलवार म्यानातून काढली आणि डाव फिरला. डोकं खरोखरच देवळात आलं. आणि नंतर देवळावर दगडात घडवलेलं एक डोकं बसवलं गेलं, उत्तरेला, देवगडाकडे तोंड करून.

ही गोष्ट इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. किती खरी आणि किती रंगवलेली, हा वाद मी घालणार नाही. मला त्यातली शेवटची ओळच खटकते. नवस फेडला, डोकं वाहिलं, इथवर तो राजा आणि त्याची देवी यांच्यातला व्यवहार. पण दगडाचं डोकं करून ते शेजारच्या राज्याकडे वळवून ठेवायचं, ही झाली राजनीती. राजाचा जासूद जे बोलला नसता ते देवळाचं शिखर रोज बोलत राहिलं.

रांगेत दोन तास गेले. देवीची उभी मूर्ती शेंदरानं आणि रंगीत वस्त्रांनी झाकलेली. दुसरी, आडवी, जमिनीच्या पोटात, वाकून भुयारातून जाऊन पाहायची. भुयारात मागच्या माणसाचा श्वास आपल्या मानेवर आणि पुढच्याची टाच आपल्या नाकाशी. मी बाहेर आलो तेव्हा सदरा पिळून काढावा असा झाला होता. मग मी देवळाच्या उत्तरेला जाऊन मान वर करून उभा राहिलो. रंगाचे थर, चुन्याचे थर, पताका, विजेच्या माळा. एका कोपऱ्यात गोलसर काहीतरी होतं. ते दुर्गशहाचं डोकं होतं की एखाद्या गवंड्याची लहर, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भाऊजींनीही हात कपाळावर धरून पाहिलं. म्हणाले, “म्हणतात बा.”

परत आलो तर माझ्या चपला गायब. साधी गोष्ट नव्हे, मागच्याच महिन्यात घेतलेल्या होत्या. भाऊजी हसले, म्हणाले, देवीनं एवढ्यावर सोडलं हे नशीब समजा. यात्रेतल्या दुकानातून साठ रुपयांचे निळे रबरी स्लीपर घेतले. पुढचा सगळा प्रवास मी त्याच स्लीपरवर केला.

बीरशहाचा शेवटही लग्नातच झाला. दुसऱ्या लग्नाच्या वेळी हिरामण नावाच्या त्याच्याच पदरच्या रजपुतानं त्याला मारलं असं सांगतात. मागे राहिली राणी हिराई. मूल नव्हतं म्हणून तिनं चंदनखेड्याच्या गोविंदशहाचा मुलगा दत्तक घेतला, रामशहा, आणि तो मोठा होईपर्यंत राज्य स्वतः चालवलं. चंद्रपुरात आज जी देखणी दगडी कामं दिसतात त्यांतली बरीचशी या बाईच्या नावावर आहेत. महाकालीचं आजचं देऊळ तिचं. अंचलेश्वराचा जीर्णोद्धार तिचा. आणि त्याच देवळाला लागून असलेली बीरशहाची समाधी तिची.

अंचलेश्वर वेशीजवळ संध्याकाळी गेलो. इथं गर्दी नव्हती. महाकालीपासून चालत दहा मिनिटं, पण जणू दुसरं गाव. एका बाजूला देऊळ, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर छोट्या छोट्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत काहीतरी कोरलेलं. हत्ती, घोडेस्वार, नाचणारी माणसं, काही चौकटींत नेमकं काय चाललंय ते कळतच नाही. दुसऱ्या बाजूला राजांच्या समाध्या, घुमटाच्या. देवळाला शिखर आणि राजाला घुमट. घुमट हा दिल्लीकडचा घाट, आणि हे राजे नावामागे शहा लावत ते पदही दिल्लीच्या दरबारातूनच मिळालं अशी त्यांचीच परंपरा सांगते. बीरशहाची समाधी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत नीट प्रमाणातली. एका भिंतीला हात लावला तर दिवसभराचं ऊन त्यात अजून होतं.

मला हिराईचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी. नवरा मारला गेला, वारस दत्तक, सरदार टपलेले. अशा वेळी तिनं फौज किती ठेवली ते मला ठाऊक नाही, पण गवंडी भरपूर ठेवले हे दिसतं. देवीचं देऊळ, कुळाच्या शंकराचं देऊळ आणि नवऱ्याची समाधी, तिन्ही एकाच नदीच्या काठाला. यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरून राज्य कोणाचं हे गेलंच पाहिजे अशी ती मांडणी आहे. विधवा राणीनं यापेक्षा चोख जाहीरनामा काय काढला असता?

तो दत्तक रामशहा पुढे इतका सात्त्विक निघाला म्हणे, की राज्य गिळायला आलेला नागपूरचा रघूजी भोसला त्याला भेटून हात जोडून परत गेला. पण साधुत्व वारशानं मिळत नाही. रामशहाच्या मुलाचं, नीलकंठशहाचं, राज्य १७५१ मध्ये भोसल्यांनी घेतलं आणि त्याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कोंडलं. वर्धा नदीच्या काठावरचा तो किल्ला त्याच्या पूर्वजाचाच. बल्लारपूर म्हटलं की आज लोकांना कागदाचा कारखाना आठवतो.

तो पूर्वज म्हणजे खांडक्या बल्लाळशहा. त्याच्याशिवाय या शहराची कोणतीच गोष्ट सुरू होत नाही. अंगभर फोड आलेला राजा. शिकारीला निघाला, तहान लागली, झरपटच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातलं पाणी प्यायला, तोंड धुतलं आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी फोड गेलेले. राणी हुशार. तिनं त्या खळग्यावरचं गवत बाजूला करवलं, खाली दगडात गाईच्या खुरांसारखे पाच ठसे निघाले आणि त्यांत न आटणारं पाणी. स्वप्नात अंचलेश्वर बोलला, देऊळ झालं. मग एके दिवशी राजाच्या कुत्र्यामागे ससा लागला. कुत्रा सशामागे नव्हे, ससा कुत्र्यामागे, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. कुत्रा वेड्यासारखा गोल गोल पळाला, शेवटी उलटला आणि त्यानं ससा मारला. राणी पुन्हा म्हणाली, ज्या वाटेनं ससा पळाला त्या वाटेनं तट बांधा, आणि जिथं तो मेला ती जागा घातकाची आहे, तिथं बुरूज भक्कम करा.

या गोष्टींत राजा नेहमी आजारी किंवा गोंधळलेला असतो आणि शहाणपण राणीकडे असतं. दोनतीनशे वर्षांनी हिराई खरोखर गादीचा कारभार पाहायला बसली तेव्हा लोकांना नवल वाटलं नसावं. तिची जागा गोष्टीनं आधीच तयार करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तटावरून चालायला निघालो. इथं त्याला परकोट म्हणतात. अकरा-बारा किलोमीटरचा वेढा, चार वेशी: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दारं: चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. मसाण खिडकीतून कोण जायचं ते सांगायला नको. काही वर्षांपूर्वीपर्यंत तटावर इतकी झुडपं होती की खाली साप आणि वर बाभूळ. शहरातल्या तरुण पोरांनी रोज सकाळी कुदळ-फावडी घेऊन ती काढली, महिनोन्‌महिने. आता वरून चालता येतं. वेशीवर गोंडांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीवर झेपावणारा सिंह. सिंह असा आहे की खरा सिंह कधी न पाहिलेल्या माणसानं तो घडवलाय हे लगेच कळतं. आणि म्हणूनच तो जास्त भीतीदायक वाटतो.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी हा तट फोडला. किल्लेदार लढता लढता पडला. कुठून फोडला विचारलं तर भाऊजींनी ताबडतोब बोट केलं, “ससा मेला होता तिथूनच.” या वेळी ‘म्हणतात बा’ नव्हतं.

लालपेठेकडचं अपुरं देऊळ पाहिलं नाही तर चंद्रपूर पाहिलं नाही असं मी म्हणेन, आणि चंद्रपूरची अर्धी माणसं म्हणतील की तिथं पाहायचं आहे काय? शहराबाहेर, खाणीच्या वाटेवर, उघड्या माळावर अजस्र दगडी मूर्ती पडल्या आहेत. उभ्या नाहीत, पडलेल्या. पाठीवर. एका रांगेतही नाहीत. सर्वांत मोठी दहा तोंडांची दुर्गा, २६ फूट लांब, १८ फूट रुंद आणि तीन फूट जाड. एकाच दगडातली. लोक तिला रावण म्हणतात, दहा तोंडं म्हटल्यावर दुसरं नाव कुणाला सुचणार? तिच्या पोटावर एक शेळी झोपली होती. मी जवळ गेलो तर तिनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

या मूर्ती राजानं केल्या नाहीत. रायप्पा नावाच्या श्रीमंत कोमट्यानं शंकराचं भव्य देऊळ बांधायचं ठरवलं, मूर्ती जागेवरच घडवून घेतल्या आणि देवळाचा पाया घालायच्या आत तो मेला. मी त्या दुर्गेच्या पायापाशी बसून पाणी प्यायलो आणि मोठ्यानं विचार केला की यात राजाचं काही म्हणणं नसेल का? व्यापाऱ्यानं राजाच्या देवळापेक्षा मोठं देऊळ बांधायला घ्यायचं, तेही राजाच्या वेशीबाहेर? पुरावा काही नाही. रायप्पा म्हातारा झाला आणि मेला, एवढंच. पण गादीवरचा राजा मेला तर त्याचं देऊळ राणी पुरं करते, पुत्र करतो. व्यापाऱ्याच्या मागे हिशेबनीस उरतो, आणि हिशेबनिसाला २६ फुटांच्या दुर्गेत काही फायदा दिसत नाही. छिन्नीचे घाव अजून ताजे वाटतात. दुर्गेच्या एका हाताची बोटं नीट घडवलेली आहेत, दुसऱ्या हातावर नुसते गोळे.

भांदक, म्हणजे आजचं भद्रावती, चंद्रपूरहून नागपूरच्या वाटेवर पंचवीसेक किलोमीटर. भद्रनागाचं देऊळ, जैनांचं पार्श्वनाथाचं तीर्थ, तळ्यावरचा जुना दगडी पूल आणि गावाबाहेर विजासनची लेणी. डोंगरात सरळ आत जाणारा एक लांब बोळ, टोकाला बसलेला बुद्ध. बोळातूनच उजवीडावीकडे आणखी दोन बोळ फुटतात आणि त्यांच्याही टोकाला बुद्ध. बाहेर बेचाळीस अंश, आत मात्र ओल्या मातीचा वास. वटवाघळं.

इथंच मला तो चिनी भिक्षू भेटला. भेटला म्हणजे आठवला. ह्युएन त्संग सातव्या शतकात कलिंगाहून कोसल देशात आला, तिथला राजा क्षत्रिय आणि बुद्धाला मानणारा असल्याचं त्यानं लिहून ठेवलं. हा कोसल म्हणजे अयोध्येचा नव्हे, दक्षिणेचा. त्याची राजधानी कुठली यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांत जुंपली. कनिंगहॅमनं चांदा-भांदकाच्या मुलुखाकडे बोट दाखवलं, फर्ग्युसननं वैरागडाकडे. आज बहुतेक अभ्यासक छत्तीसगडातल्या सिरपूरचं नाव घेतात. भद्रावतीच्या रिक्षावाल्याला हे कुणी सांगितलेलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो “चिनी साधू इथंच राहिला होता न जी” असं म्हणाला तेव्हा मी मान हलवली.

पण तो साधू परत गेला तेव्हा काय झालं, ते चंद्रपुरातल्या दगडी डोक्याशी जुळतं. ६४५ मध्ये तो पोथ्यांची ओझी घेऊन चांगआनला पोचला. गादीवर थांग घराण्याचा ताइत्सुंग. या घराण्याचं आडनाव ली, आणि ताओ पंथाचा आदिपुरुष लाओत्से याचंही आडनाव लीच. तेवढ्या धाग्यावर त्यांनी सबंध वंशावळ विणली. घराणं नुकतंच गादीवर आलेलं असताना एका डोंगरावर कुणा खेडुताला म्हातारा दिसला, पांढऱ्या घोड्यावर बसलेला, आणि म्हणाला, राजाला सांग, मी त्याचा पूर्वज. डोंगरावर देऊळ उभं राहिलं. ६३७ मध्ये फर्मान निघालं की ताओ पंथाचे साधू यापुढे बौद्ध भिक्षूंच्या पुढे बसतील. पंगतीतला पाट कुठं मांडायचा याचं फर्मान! पुढे ७४१ मध्ये त्याच वंशातल्या ह्सुआनत्सुंगानं प्रत्येक प्रांतात लाओत्सेचं देऊळ बांधण्याचा हुकूम काढला, म्हणजे राजाच्या आजोबाची देवळं देशभर. मधे वू नावाची बाई ६९० मध्ये स्वतः सम्राट झाली, तिला या ली आजोबाचा काय उपयोग? तिनं पुढच्याच वर्षी बौद्धांचा पाट पुढे मांडला.

आता गंमत बघा. कामरूपच्या राजानं लाओत्सेचा ग्रंथ मागवला, तेव्हा ६४७ मध्ये सम्राटानं ह्युएन त्संगाला हुकूम दिला, तो संस्कृतात आण. सोबत ताओ पंथाचे पंडित बसवले. आणि पहिल्याच शब्दावर भांडण. ‘ताओ’ला संस्कृतात काय म्हणायचं? पंडित म्हणाले बोधी. हा म्हणाला, नाही, मार्ग. बोधी हा बुद्धाचा शब्द, तो तुमच्या ग्रंथाला देणार नाही. मी विजासनच्या त्या बोळात उभा राहून मनातल्या मनात म्हटलं, बरोबर केलंस. मार्ग हा शब्द कुठल्याही एसटीच्या पाटीवर चालतो. बोधी मात्र जपून ठेवायची गोष्ट.

लेण्याच्या बाहेर निळे झेंडे लागले होते. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, चंद्रपुरात येऊन हजारो लोकांना दिली. त्यामुळे विजासनच्या बुद्धासमोर आज हार असतो, मेणबत्त्या असतात. बाराशे-तेराशे वर्षं वटवाघळांनी सांभाळलेला बुद्ध माणसांनी परत मागून घेतला, तोही राजाच्या हुकमाशिवाय.

तिसऱ्या दिवशी मूल, सावली करत वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरलो. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. पहाटेची बस होती म्हणून मोहफुलं दिसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडाखाली बायका, पोरं, टोपल्या. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून काळी स्वच्छ जागा केलेली असते, त्यावर पिवळसर फुलं पसरलेली. खिडकीतून दोन्हींचा वास येतो, गोडसर आणि जळकट.

उत्तरेकडचं वैरागड या वेळी राहिलं. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या वेळच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असलेल्या बाबाजी नावाच्या गोंड राजाची नोंदही त्याच ग्रंथात आहे. मोगलांनी चांद्याची आठवण ठेवली ती अशी मोजूनमापून. १६६७ मध्ये दिलेरखान येऊन खंडणी उकळून गेला. आणि तिकडे देवगडच्या बख्त बुलंदनं औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारला, गादी मिळवली आणि पुढे नागपूर वसवलं. म्हणजे माझं गाव. चांद्याच्या राजानं शिखरावरचं डोकं देवगडाकडे वळवलं, देवगडच्या राजानं स्वतःचं डोकं पश्चिमेकडे. गादी मात्र दोघांच्याही वंशजांकडून भोसल्यांकडेच गेली.

मार्कंडा चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठावर. नदी इथं उलटी, उत्तरेकडे वळते, म्हणून तीर्थ. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते, पण चैत्रातल्या दुपारी मी, एक पुजारी आणि एक सायकल एवढेच होतो. देवळांचा हा समूह गोंडांच्या कितीतरी आधीचा. मार्कंडेय ऋषीच्या मुख्य देवळाच्या भिंतींवर कोरीवकाम इतकं दाट की बोट टेकवायला रिकामी जागा सापडत नाही. खजुराहोशी तुलना करायची इथं पद्धत आहे, मला ती तुलना करणाऱ्यांचा कंटाळा येतो. इथं या बायकांच्या चेहऱ्यावर नदीचं ऊन पडतं. पुरे की.

कधीतरी देवळावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग कोसळला आणि मंडपाचं छत धोक्यात आलं. मग कुण्या गोंड राजानं आतून आधार दिला. ते आधार आत जाऊन पाहा. नाजूक कोरलेल्या खांबांमध्ये जाडजूड चौकोनी खांब आणि बोजड कमानी, काहीही न कोरलेल्या, कुणीतरी नर्तकीच्या कमरेला कुबडी बांधावी तशा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा राग आला. पुजारी म्हणाला, “त्या कमानी नसत्या तर तुमी उभे असते का जी इथं?” मी वर पाहिलं. खरंच, छताचा दगड कमानीच्या खांद्यावर टेकलेला होता. राजानं आपलं नाव कोरलं नाही, सिंह-हत्ती कोरला नाही, देवाचं तोंड कुणाकडे वळवलं नाही. मला सापडलेलं चांद्याच्या राजांचं हे सगळ्यात कुरूप काम, आणि त्याच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. आताचा जीर्णोद्धारही वर्षानुवर्षं चाललाय. पुजाऱ्यानं त्याबद्दल बोलायचं टाळलं आणि मला गूळपाणी दिलं.

शेवटचा दिवस एटापल्लीच्या वाटेवर. पूर्वी हे अहेरीच्या जमीनदारीचं रान. इकडच्याच मोलमपल्लीच्या, उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या कारागृहात फाशी दिलं. ज्या पिंपळापाशी दिलं त्याला लोक आता नमस्कार करायला जातात. झाड कारागृहाच्या भिंतीआड आहे, त्यासाठी परवानगी लागते. आणखी पुढे सुरजागडचा डोंगर. जानेवारीत तिथं ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरातून लोहखनिज काढतात. रस्त्यावर लाल धुळीनं माखलेले ट्रक एकामागून एक येत होते. आमच्या जीपचा ड्रायव्हर प्रत्येक ट्रकला रस्त्याच्या खाली उतरून वाट देत होता, काही न बोलता.

ओळखीच्या एका शिक्षकानं मला एका टोल्यावर नेलं. त्याला गोंडी येते, मला येत नाही. टोल्याबाहेर ऐनाचं मोठं झाड, त्याच्या बुंध्याशी काही दगड, लाकडाचे खुंट, मातीचे घोडे. शिक्षक म्हणाला, हे पेनचं ठाणं, इथला देव. भिंत नाही, शिखर नाही, तोंड कुणीकडे आहे हेही सांगता येईना. एक आजोबा तिथं सावलीत दोरी वळत बसले होते. मी शिक्षकामार्फत विचारलं, देवाला घर का नाही बांधलं? आजोबांनी दोरीला एक पीळ दिला, ऐनाच्या झाडाकडे हनुवटी उडवली आणि पुन्हा दोरीत गुंतले. शिक्षकानं भाषांतर केलं नाही, गरजही नव्हती.

जवळ जायचं म्हणून मी स्लीपर काढले. आणि सवयीनं, दोन्ही जोडून, उलटे करून, झाडाच्या मुळाशी एका दगडामागे दडवून ठेवले. आजोबा खो खो हसायला लागले. मग मराठीतच म्हणाले, “इथं कोन नेते जी?”